घरच्या संगीताची कणगी



गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादेहून सिरोंच्यास आपल्या घरीं आला होता. तिकडे त्यानें नवें घर घेतलें आहे, आणि त्या घरांत गाणें ऐकण्यासाठीं एक चांगलें यंत्र आणावें असें त्याच्या मनांत होतें. भेटीस आला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, या यंत्रांचे दोन प्रकार दाखवितात. एकाच्या पोटांतच गाण्यांचा सांठा राहतो. दुसऱ्याला तो बाहेरून जोडावा लागतो. पहिलें महाग आहे, पण सुटसुटीत दिसतें. कोणतें घेऊं?" ज्या मुलाला मीं पाढे शिकविले त्यानें अशा विषयांत माझा सल्ला विचारावा याची मला मौज वाटली. परंतु प्रश्न मला अनोळखी नव्हता. त्याचें उत्तर देतांना मी स्वतः एकदां चुकलों आहें, आणि त्या चुकीची किंमत पैशांत मोजण्यासारखी नव्हती. त्या विद्यार्थ्याला जें सांगितलें तेंच आज आपणांपुढें थोडें विस्तारानें मांडतों.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. बाजारांत त्याला 'स्ट्रीमर' म्हणतात. गाणें जेथें सांठविलेलें असेल तेथून तें आणावयाचें. आंकड्यांच्या रूपांत असलेल्या त्या गाण्याच्या विद्युल्लहरी बनवावयाच्या. आणि त्या लहरी ध्वनिवर्धकाकडे, म्हणजे अँप्लिफायरकडे, पोंचवावयाच्या. अशीं त्याचीं बहुधा तीन कामें असतात. तेव्हां हें यंत्र म्हणजे गवयाचा गळा आहे, गवयाची स्मृति नव्हे. गळा कसा असावा हा एक प्रश्न, आणि स्मृति कोठें ठेवावी हा दुसरा. गिऱ्हाइकाचा घोटाळा होतो तो हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळें.

आपल्या वाडवडिलांच्या घरीं हा घोटाळा नव्हता. ग्रामोफोन निराळा आणि तबकड्या निराळ्या. यंत्राची स्प्रिंग तुटली म्हणून तबकडीचा टवकाहि उडत नसे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरलें, आणि जेमतेम तीन मिनिटांचा तो आवाज आज शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि आपण ऐकतों. अब्दुल करीमखां १९३७ सालीं वारले. त्यांचें गाणें अजून घराघरांत आहे. उलट, बालगंधर्वांना ज्यांनीं गाणें शिकविलें ते भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, आणि त्यांच्या आवाजाची एकहि तबकडी आज आपल्या हातीं नाहीं. जें उतरून ठेवलें नाहीं तें गेलें, हा पहिला धडा.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. जुनीं गाणीं टिकलीं तीं मुख्यत्वें एकाच तबकडीच्या शेंकडों प्रती शेंकडों घरीं गेल्या म्हणून. एका घरीं फुटली तर दुसऱ्या घरीं राहिली. मुंबईस १९९० सालीं भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांनीं जें जमविलें तें बव्हंशीं अशाच घरांतून आणि जुन्या बाजारांतून मिळालेलें. उलट १ जून २००८ रोजीं अमेरिकेंत हॉलिवुड येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारांत आग लागली, तींत एका बड्या कंपनीच्या मूळ ध्वनिफिती जळाल्या. कंपनी श्रीमंत होती, कोठार मोठें होतें. पण मूळ फीत ही एकच असते.

आतां आजच्या घराकडे वळूं. गाण्याचा सांठा ठेवण्याच्या जागा तीन : परक्याचें घर, यंत्राचें पोट आणि आपलें स्वतःचें कपाट.

परक्याचें घर म्हणजे महिन्याची वर्गणी घेऊन इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या कंपन्यांचें कोठार. तेथें कोट्यवधि गाणीं आहेत. तेवढीं आपणांस सात जन्मांत ऐकून होणार नाहींत. नवें कांहीं शोधावयाचें असेल तर हा मार्ग उत्तम. परंतु तें भाड्याचें घर आहे हें विसरूं नये. अशा कंपनीकडून जीं गाणीं आपण 'उतरवून' घेतों तींहि कुलपांत असतात. वर्गणी थांबली कीं कुलूप उघडत नाहीं. शिवाय कंपन्याहि कायमच्या नसतात. आपल्याकडील विंक ही सेवा २०२४ सालीं बंद झाली. अमेरिकेंतील मायस्पेस या संस्थेकडे २००३ ते २०१५ या काळांत लोकांनीं ठेवावयास दिलेलें संगीत सामान हलवितांना नष्ट झालें, असें २०१९ सालीं उघडकीस आलें. आणि आमच्या सिरोंच्यासारख्या ठिकाणीं आणखी एक अडचण. जिल्ह्याचें गांव गडचिरोली दोनशें किलोमीटरांच्या पलीकडे. मधें सारें रान. पावसाळ्यांत झाड पडून तार तुटली कीं गाणें अर्ध्या आलापावर थांबतें. मोठ्या शहरांत हें क्वचित् घडत असेल, पण घडत नाहीं असें नव्हे.

दुसरी जागा यंत्राचें पोट. हिचे गुण मी नाकारीत नाहीं. तारा नाहींत, जोडण्या नाहींत. म्हाताऱ्या माणसानें कळ दाबली कीं गाणें सुरू. २०१७ सालीं निघालेला सारेगामा कंपनीचा कारवां आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. पांच हजार गाणीं आंत भरूनच तो विकावयास आला आणि ज्येष्ठ मंडळींचा लाडका झाला. त्याहून वरच्या पायरीवर ब्लूसाउंडच्या व्हॉल्टसारखीं यंत्रें आहेत. त्यांत सीडी घातली कीं यंत्र ती स्वतःच वाचून आपल्या पोटांतील डिस्कवर उतरून घेतें. घरांत दोन-तीनशें सीडी पडून असतील आणि संगणकाचा कंटाळा असेल, तर ही सोय खरोखर मोठी आहे.

परंतु या सोयींत एक खांच आहे, ती मी अनुभवानें सांगतों.

माझ्या पत्नीचें माहेर गोदावरीपलीकडचें. तिची मातृभाषा तेलुगु. सिरोंच्यास याचें नवल कोणाला नाहीं. आमच्याकडे बाजार तेलुगूंत होतो, कचेरी मराठींत चालते आणि रानाकडून येणारीं माणसें माडिया बोलतात. तिला भाताच्या लावणीचीं, लग्नांतलीं, मुलें निजविण्याचीं अशीं पुष्कळ गाणीं येत. लग्नानंतरच्या वर्षांत मीं तीं दोन कॅसेटींवर उतरून घेतलीं, मोजून एकेचाळीस. मी निवृत्त झाल्यावर मुलीनें पुण्यास एका दुकानांतून तीं आंकडी रूपांत करून घेतलीं, आणि पोटांत डिस्क असलेलें एक यंत्र मला भेट दिलें. कॅसेटींना बुरशी लागली होती. आतां त्यांचें काय काम, म्हणून मीं त्या टाकून दिल्या. पुढें पत्नी वारली. संध्याकाळीं दिवा लागला कीं मी तीं गाणीं लावीत असें.

एका वैशाखांत वळवाचा पाऊस आला, जवळच वीज पडली, आणि यंत्र बंद झालें. दुरुस्तीस पाठविलें. महिन्यानें परत आलें तें अगदीं नव्यासारखें चालत होतें. पोट मात्र रिकामें होतें. दुरुस्ती करणारानें आंतील पाटीबरोबर डिस्कहि बदलली होती आणि जुनी टाकून दिली होती. आंतील मजकुराची जबाबदारी आमची नाहीं, असें पावतीच्या मागें बारीक अक्षरांत छापलेलें होतें. मुलीजवळची प्रत तिच्या जुन्या संगणकाबरोबर गेलेली. कांहीं दिवस मी त्या दुकानदारावर रागावलों. मग मनाशीं म्हटलें, त्यानें यंत्र दुरुस्त करावयास घेतलें आणि दुरुस्त करून दिलें. कणगी आणि जातें एकच करून ठेवणारा मी. जातें दुरुस्तीस गेलें तेव्हां धान्य कोठें राहिलें हें विचारण्याचा मला काय अधिकार?

म्हणून तिसरी जागा, आपलें स्वतःचें कपाट. येथें सांठा निराळा आणि यंत्र निराळें. यंत्र बिघडलें, जुनें झालें, कंपनी बुडाली तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडतां येते. या बाहेरच्या सांठ्याचे तीन प्रकार आहेत. पहिला साधा पेन ड्राइव्ह : स्वस्त आणि थोड्या गाण्यांस पुरेसा, पण हरवतो लौकर, आणि एकुलत्या एका प्रतीसाठीं विश्वासाचा नाहीं. दुसरा बाहेरून जोडण्याची डिस्क. हींत अडीच इंची लहान डिस्क यंत्राच्या यूएसबी खांचेंतूनच वीज घेते. साडेतीन इंची मोठीला १२ व्होल्टचा निराळा पुरवठा लागतो. आंत तबकडी फिरणारी असेल तर शांत खोलींत तिची घरघर कानीं येते. एसएसडी जातीची डिस्क मुकी असते, पण महाग. तिसरा प्रकार नॅस नांवाची पेटी. ती घरच्या वायफायच्या जाळ्यास जोडून कोपऱ्यांत ठेवावयाची. मग दिवाणखान्यांतील यंत्र आणि मुलांच्या खोलींतील यंत्र एकाच कोठारांतून गाणें घेतात. हींत दोन डिस्का घालून एकीचें प्रतिबिंब दुसरीवर ठेवतां येतें. परंतु प्रतिबिंब म्हणजे निराळी प्रत नव्हे. चुकून गाणें पुसलें तर तें दोहींकडूनहि पुसलें जातें.

सांठा किती मोठा असावा, याचा हिशोब शाळामास्तरानें सांगितलाच पाहिजे. सीडीवरील संगीत जसेंच्या तसें ठेवलें तर तासाला सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक या पद्धतींत एकहि स्वर न गमावतां ती साधारणपणें निम्म्यावर येते. एमपी-३ पद्धतींत, उत्तम प्रतीच्या ३२० च्या मापानें, तासाला १४४ मेगाबाइट पुरतात. मात्र आवाजाचा कांहीं अंश कायमचा टाकून दिलेला असतो. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर फ्लॅकचें संगीत सुमारें तीन हजार तासांचें बसेल. रोज दोन तास ऐकलें तरी चार वर्षें पुरेल. तेव्हां चार-चार टेराबाइटच्या मोहांत पडण्याऐवजीं एकेक टेराबाइटच्या दोन डिस्का घ्याव्यात. पैसे जवळपास तेवढेच, आणि झोंप शांत.

खरेदीपूर्वीं दुकानांत चार गोष्टी पाहाव्यात. यंत्रास बाहेरची डिस्क जोडण्याची खांच आहे ना, आणि ती सांठ्यासाठींच आहे ना. कांहीं यंत्रांत ती निव्वळ दुरुस्तीपुरती असते. डिस्क कोणत्या पद्धतीनें आंखलेली चालते. फॅट-३२ पद्धतींत एक फाइल चार गिगाबाइटहून मोठी ठेवतां येत नाहीं, म्हणून एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचणारें यंत्र बरें. इंटरनेट तोडल्यावर यंत्र डिस्कवरील गाणें लावतें कीं नाहीं. कांहीं यंत्रें कंपनीच्या दाराशीं गेल्यावांचून जागींच होत नाहींत, म्हणून वायफाय बंद करवून पाहावें. आणि शेवटची गोष्ट, आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांची : गाण्याचें नांव देवनागरींत आणि तेलुगूंत लिहून न्यावें आणि पडद्यावर तें नीट उमटतें का हें पाहावें. अक्षरांच्या जागीं चौकोनांची रांग दिसली तर यंत्र घेऊं नये. ज्याला आपल्या गाण्याचें नांव वाचतां येत नाहीं त्याच्या स्वाधीन आपलें गाणें काय करावयाचें?

घरीं आणल्यावर नियम तीनच. घरांत दोन प्रती. एक यंत्राला जोडलेली, दुसरी कपाटांत, सर्व तारांपासून सुटी. तिसरी प्रत दुसऱ्या गांवीं. २०२२ च्या जुलैंत आमच्या तालुक्यांत प्राणहितेला आणि गोदावरीला पूर आला तेव्हां नदीकांठच्या लोकांना घरें सोडून निघावें लागलें. अशा वेळीं एका घरांतील दोन प्रती म्हणजे एकच प्रत. आणि वर्षांतून एकदां, दिवाळीची झाडलोट काढतांना, कपाटांतील डिस्क जोडून चार गाणीं लावून पाहावींत. न उघडलेल्या कणगींत धान्य आहे कीं किडे आहेत हें बाहेरून कळत नाहीं. याशिवाय ढग गडगडूं लागले कीं यंत्राची वायर भिंतींतून काढावी. हें मी आतां न चुकतां करितों.

तर माझ्या विद्यार्थ्यास मीं उत्तर दिलें तें असें : पोटांत डिस्क असलेलें यंत्र सोयीसाठीं आवडलें तर खुशाल घे, पण तिला सांठा मानूं नकोस, ती ताटांतील वाढलेलें अन्न समज. पैसे बेतानें खर्च करावयाचे असतील तर साधें यंत्र आणि बाहेरच्या दोन डिस्का घे. आणि बाजारांत पुन्हां मिळेल असें गाणें व पुन्हां मिळणार नाहीं असें गाणें, यांत भेद कर. बालगंधर्वांचें पद गेलें तर दुसरीकडे सांपडेल. तुझ्या आजीचा आवाज गेला तर कोणत्या दुकानांत मागशील?

माझ्या एकेचाळीस गाण्यांचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. भाचीच्या लग्नांत वाजविण्यासाठीं त्यांपैकीं लग्नाचीं अकरा गाणीं मुलीनें एका पेन ड्राइव्हवर घालून माझ्या मेहुणीला दिलीं होतीं. ती पत्नीची थोरली बहीण; आम्ही सारे तिला अक्काच म्हणतों. तो पेन ड्राइव्ह तिच्या घरीं देवघराच्या फडताळांत, कुंकवाच्या करंड्यापाशीं, सुरक्षित होता. अकरा परत आलीं. तीस गेलीं तीं गेलींच. मात्र अक्काला त्या तिसांपैकीं कांहीं अजून येतात. गेल्या उन्हाळ्यांत पूल ओलांडून मी तिच्याकडे गेलों आणि सहा उतरून घेतलीं. आवाज तो नाहीं, पण शब्द तेच आहेत. निघतांना नव्या प्रतीची एक डिस्क तिच्या हातांत दिली, तेव्हां ती म्हणाली, "ही पुन्हां कशाला? माझ्यापाशीं आहेत ना!" मीं म्हटलें, "अक्का, तुमच्यापाशीं आहेत म्हणूनच माझ्यापाशीं आहेत."