पत्ता न मिळालेले संगणक

शाळेच्या संगणककक्षात वीस यंत्रे सुरू व्हावीत, पडदे उजळावेत आणि तरीही एकालाही बाहेरच्या जगाशी बोलता येऊ नये, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांना आला असेल. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची अखेरची तारीख असली म्हणजे तर सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. पहिला आरोप इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीवर होतो, दुसरा संगणकांवर. दोघेही पुष्कळदा निर्दोष असतात. अपराधी असते ती कोपऱ्यातील स्विच नावाची पेटी, जिच्यावरची धूळ पुसायलाही कोणी जात नाही.

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तो आपोआप वाटणाऱ्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाले व १९९७ साली सुधारले गेले. संगणक पुकारा करतो, की पत्ता देणारा कोणी आहे काय? राउटर एक पत्ता देऊ करतो, संगणक तोच मागून घेतो आणि राउटर त्यावर शिक्कामोर्तब करतो. हे चारही निरोप स्विचमधूनच जातात. उत्तर आलेच नाही, तर विंडोजचा संगणक निरुपायाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करतो. हे आकडे दिसले, की तार जोडलेली आहे, पण उत्तर पोचलेले नाही, असे समजावे.

मग एक संगणक थेट राउटरला जोडून पाहावा. तेथे पत्ता मिळाला, तर संशय स्विचवर. पुढे स्विचमार्गेच त्याला कोणाकडेही नसलेला योग्य पत्ता हाताने द्यावा. आता राउटरशी बोलणे होत असेल, तर वाट मोकळी असून केवळ पत्त्याचे निरोप अडत आहेत. होत नसेल, तर वाटच बंद आहे.

निरोप अडविणारा बहुधा पहारेकरी असतो. पत्ता देऊ करण्याची मुभा तो ठराविक पोर्टलाच देतो. कोणी राउटरची तार सहज शेजारच्या पोर्टमध्ये खोचली, की खरा धनीच चोर ठरतो! म्हणून पहारा उठवू नये. नव्या पोर्टला विश्वासू ठरवावे. नाहीतर घरचा राउटर आणून जोडणारा एखादा हौशी मनुष्य सर्वांना खोटे पत्ते वाटील.

वाट बंद असेल, तर पोर्ट भलत्याच विभागात, म्हणजे व्हीलॅनमध्ये, पडले आहे काय ते पाहावे. एका विभागातील पुकारा दुसऱ्यात ऐकू जात नाही. कधी केवळ विलंबच नडतो. तारांचे वेटोळे होऊ नये म्हणून रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली. तिच्या जुन्या रूपात नवे पोर्ट तीस सेकंद मुके राहते. तेवढ्यात संगणक आशा सोडून देतो. मिनिटाभराने पुन्हा मागितल्यावर पत्ता मिळाला, तर हेच कारण. संगणकांच्या पोर्टना तेवढी सूट देता येते.

पेटी बंद करून पुन्हा चालू करण्याचा रामबाण मला फारसा आवडत नाही. पुरावा पुसला जातो, आणि जतन न केलेली मांडणीही नाहीशी होते. वीज गेल्यानंतर बिघाड सुरू झाला असल्यास हीच शंका प्रथम घ्यावी.

स्वस्त, साध्या पेटीत यांपैकी बहुधा काहीच नसते. तेथे सर्व दिवे एकदम थयथयाट करू लागले, तर कोणीतरी एकाच तारेची दोन्ही टोके तिच्यातच खोचली आहेत. दिवे शांत होईपर्यंत एकेक तार उपसून पाहावी.