वही कोणाच्या हातात?



स्वयंसेवकांच्या संमेलनाचं अध्यक्षपद आपण एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाला दिलंत, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. महाविद्यालयात असताना दोन खेपांना मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. या विषयावर बोलायचा माझा अधिकार तेवढाच.

ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला 120 तास काम आणि दोन वर्षांत एकदा दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, असा तिचा साचा. त्या सात दिवसांत पहिल्यांदाच घराबाहेर झोपलेली, पहिल्यांदाच दुसऱ्या जातीच्या घरी जेवलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलींना शिबिराला पाठवा म्हणून सांगायला मी घरोघर गेलो आहे, आणि परतल्यावर त्यांचा बदललेला आवाजही ऐकला आहे. या योजनेचं माझ्यावर ऋण आहे.

पण एक चूक मी वर्षानुवर्षं करत राहिलो. गाव कोणतं घ्यायचं, काम कोणतं करायचं, पैसे कशावर खर्चायचे, सगळं मी ठरवायचो. मुलांना फावडं आणि घमेलं द्यायचो. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती त्यांची गाणी चालायची आणि मी शाळेच्या खोलीत एकटा हिशेब लिहीत बसायचो. फावडं त्यांच्याकडे आणि वही माझ्याकडे. आज मला त्या वहीबद्दल बोलायचं आहे.

वहीचं शिक्षण आपल्याकडे महाविद्यालयाच्या आधीच, गल्लीत सुरू होतं. गणपतीच्या आधी महिनाभर चौदा-पंधरा वर्षांची पोरं पावतीपुस्तक घेऊन जिने चढतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच विचारतात, "गेल्या वर्षीचे उरलेले पैसे कुठे गेले रे?" पुढच्या दाराची बेल वाजवायच्या आधी पोराला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. मागायचं कसं, नकार ऐकून घ्यायचा कसा, अकरा रुपये देणाऱ्यालाही पाचशे देणाऱ्याइतक्याच आदराने पावती फाडून द्यायची, आणि विसर्जनानंतर जमाखर्चाचा फलक सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा: हे धडे कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत. मंडळांच्या आवाजाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही. तरी शिल्लक रकमेतून वह्या वाटणारी, रुग्णवाहिका चालवणारी मंडळंही याच गल्ल्यांतून उभी राहिली. लोकांचा पैसा सांभाळायला महाराष्ट्रातल्या किती तरी तरुणांना पहिल्यांदा तिथेच शिकायला मिळालं, हे मान्य करायला हवं.

थोडं मागे जायचं तर कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवतो. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. घरातली बाई दळणकांडणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची आणि त्या मुठींवर वसतिगृहातली मुलं जेवायची, शिकायची. त्यांतल्या कितीतरी घरांत स्वतःलाच पोटभर नव्हतं. श्रीमंत झाल्यावर बघू, अशी सबब सांगणाऱ्या आजच्या तरुण नोकरदारांना मी या मुठीची आठवण करून देतो.

आता एक प्रसंग सांगतो. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही टेम्पो भरून एका गावी गेलो. देवळाच्या आवारात आमच्याआधी आलेल्या कपड्यांचा ढीग भिजत पडला होता. त्यात जरीच्या साड्या होत्या, लग्नातले कोट होते, एकेकट्या चपला होत्या. आमच्याबरोबर तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, "सर, टेम्पो उतरवू नका." दोन मैत्रिणींना घेऊन ती दीड दिवस घरोघर हिंडली. तोवर आम्ही मोठी माणसं चिडून बसलो होतो, कारण आम्हाला वाटप करून परतायचं होतं. तिने आणलेल्या यादीत ब्लड प्रेशरच्या गोळ्या होत्या, गॅसच्या शेगडीचे बर्नर होते, सॅनिटरी पॅड, दहावीची पुस्तकं, जनावरांसाठी कडबा आणि गोठे धुवायला फिनेल होतं. कपडा एकाही घराने मागितला नव्हता.

आमच्याकडे वर्गणीचे 40,000 रुपये शिल्लक होते. खरं सांगतो, ते तिच्या हाती देताना माझा हात अडखळला. नऊ दिवसांनी तिने तारेत ओवलेली सगळी बिलं आणि उरलेले 1,360 रुपये माझ्या टेबलावर ठेवले. शिवाय एक पान होतं. कोणत्या घराला काय मिळालं, कोणाचं राहिलं, आणि राहिलेल्यांकडे पुन्हा कधी जायचं त्याची तारीख. इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या एकाही अहवालात ती शेवटची तारीख नव्हती.

रक्तदानाचंही असंच आहे, गरज कधी आहे हे आधी विचारावं लागतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या निरोगी तरुणाला तीन महिन्यांनी आणि तरुणीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. पण पिशवीतल्या तांबड्या पेशी 35 ते 42 दिवसच टिकतात आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. आपण मात्र जयंत्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस बघून शिबिरं घेतो. एकाच आठवड्यात शेकडो पिशव्या जमतात. पुढे मे महिन्यात परीक्षा संपून वसतिगृहं रिकामी झाली की रक्तपेढ्या दात्यांसाठी फोन करत बसतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला मे महिन्याची सुट्टी नसते. आमच्या विद्यार्थ्यांनी एका वर्षी रक्तपेढीलाच विचारलं, "तुम्हाला कधी हवंय?" आणि एका मोठ्या शिबिराची चार लहान शिबिरं केली. फोटो साधे आले, आकडा छोटा दिसला. निर्णय मुलांचा होता आणि तो माझ्या निर्णयांपेक्षा शहाणपणाचा होता.

तरुणांना घडवणारे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. सोमनाथ प्रकल्पावर बाबा आमट्यांनी श्रमसंस्काराची छावणी भरवली आणि तिथे मे महिन्याच्या उन्हात शहरी मुलांचे हात पहिल्यांदा मातीला लागले. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 साली 'निर्माण' सुरू केलं, तिथे तरुणांना आपल्या शिक्षणाचा समाजातल्या कोणत्या प्रश्नाला उपयोग आहे हे शोधायला लावतात. या दोन्हींचा तपशील तुमच्यापैकी अनेकांना माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

पाण्याच्या कामाबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि 2018 साली 75 तालुक्यांत पोहोचली. मुंबई-पुण्याचे तरुण जलमित्र होऊन श्रमदानाला गेले. एका दिवसाच्या श्रमाने हातांवर आलेल्या फोडांचंही मोल आहे. पण मला जास्त भावली ती गावातल्या तरुणांना आधी दिलेली शिकवण. समतल चर खणायचा तर त्याची पातळी मोजावी लागते. चर जरा उताराला गेला की पाणी एका टोकाला धावतं, बांध फुटतो आणि सगळ्यांची मेहनत वाहून जाते. त्यामुळे 'ए' आकाराची चौकट घेऊन पावलापावलाला ओळंबा बघणारा पोरगा शंभर कुदळींइतका महत्त्वाचा ठरतो.

अशाच एका शिवारात श्रमदान करताना शेजारी माती उचलणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "पाणी वर आलं तर ते विहिरीवाल्याचं. मला तर जमीनच नाही. माझं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गावातल्या दोन तरुणांनी तो प्रश्न ग्रामसभेत नेला. भूमिहीन घरांना चाऱ्याचा आणि सार्वजनिक विहिरीच्या पाण्याचा वाटा किती, यावर तीन सभांत वाद झाला. शेवटी वाटा ठरला, अपुरा, पण कागदावर. एक दिवस खणून परतलेल्या आम्हाला तो प्रश्न फक्त ऐकता आला होता.

हल्ली कंपन्यांतले तरुण कर्मचारी स्वयंसेवेला येतात, त्यांचं स्वागत आहे. त्यांच्याकडे माझी एकच विनंती. शाळेची भिंत रंगवण्याआधी मुख्याध्यापिकांना विचारा. कदाचित त्यांना त्या पैशांत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार हवं असेल.

माझे काही जुने विद्यार्थी दरमहा प्रत्येकी 200 रुपये काढून गरजू मुलांची परीक्षा फी भरतात. गेल्या वर्षी मी एका मुलाची शिफारस केली. ते त्याच्या घरी जाऊन आले आणि मला म्हणाले, "सर, याच्यापेक्षा जास्त गरज त्याच वर्गातल्या एका मुलीला आहे. पैसे तिला देतोय." क्षणभर वाईट वाटलं. मग मी त्यांची वही मागून घेतली आणि पानं उलटत बराच वेळ बसलो.

या संमेलनाला किती वर्गणी जमली, मांडवाला आणि जेवणाला किती लागली, काय उरलं, हे अजून आपल्याला सांगितलेलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्याची जागा समारोपानंतर होती, सभागृह रिकामं होताना. संयोजकांच्या संमतीने मी ती आत्ता घेतो. संमेलनाच्या कोषाध्यक्ष बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकतात आणि मागच्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसल्या आहेत. त्यांनी इथे यावं आणि जमाखर्च वाचावा. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी हात वर करावेत, पहिला प्रश्न माझा आहे.