पहिला हात शेजाऱ्याचा



स्मृतिव्याख्यानासाठी शल्यविशारदाला पाचारण करण्याचा प्रसंग विरळाच. त्यातून मी विषय निवडला आहे तो रुग्णालयाबाहेरचा : आपत्तीच्या पहिल्या तासात सामान्य माणसाने करावयाचा प्रथमोपचार.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपले वडोदराही हादरले होते. अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली दीडशेहून अधिक मुले अरुंद गल्लीत घरांच्या ढिगाऱ्याखाली गेली. भूजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. जखमींनी जिकडे धाव घ्यावी, ती वास्तूच उरली नाही. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर पडली. तेथेही ढिगाऱ्याला पहिला हात लागला तो वाचलेल्या गावकऱ्यांचाच.

शेजारी धावून येतोच. ते त्याला शिकवावे लागत नाही. १९८५ च्या मेक्सिको शहरातील भूकंपात अप्रशिक्षित स्वयंसेवकांनी शेकडो जीव वाचवले; पण त्या प्रयत्नात त्यांच्यापैकी सुमारे शंभर जण स्वतः प्राणास मुकले. म्हणून माझ्या मते पहिला धडा पट्टी बांधण्याचा नव्हे, तर कलत्या भिंतीखाली न शिरण्याचा असावा.

दुसरा धडा क्रमाचा. मी मुलांना नेहमी विचारतो : तिघे पडले आहेत. एक आक्रोश करतो आहे, दुसऱ्याच्या मांडीतून रक्त उसळते आहे, तिसरा निपचित आहे. आधी कोणाकडे जाल? बहुतेक जण आक्रोश करणाऱ्याकडे बोट दाखवतात. परंतु त्याचा श्वास चालू आहे, हे त्याचा आक्रोशच सांगतो. उसळणारे रक्त काही मिनिटांत प्राण घेते. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून, अंगाचा भार टाकून तळहाताने सतत दाबावे. थांबले का, म्हणून क्षणोक्षणी उचलून पाहू नये. निपचित पडलेल्याची हनुवटी हळुवार वर करून श्वास पाहावा. श्वास चालू असेल तर मानेला हिसका न देता त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे जिभेने वा ओकारीने श्वासमार्ग बंद होत नाही. या तिघांना पाहण्यास दोन माणसे असतील तर कामाची वाटणी करावी. एकटे असाल तर मन घट्ट करावे लागते, आणि ते पुस्तकातून येत नाही.

आपल्याकडे जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरतात, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततात. त्यामागची माया मी जाणतो. पण बेशुद्धाला गिळता येत नाही. ते पाणी फुप्फुसात उतरते.

अर्धवट शिकलेले लोक अपाय करतील, अशी शंका माझेच काही व्यवसायबंधू घेतात. न शिकलेले लोक तो आजही करीतच आहेत! खरी उणीव निराळी आहे. एका दिवसाचे शिबिर होते, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि वर्षभरात हात सारे विसरतात. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली, ती स्वागतार्हच. परंतु तिचे निवडक स्वयंसेवक प्रत्येक गल्लीत कोठून असणार? तेथे शाळाच हवी.

म्हणून माझी विनंती अशी की, इयत्ता नववीस प्रत्येक सत्रात दोन तास हा सराव द्यावा. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आणि परिचारिका आहेत. आम्ही पाळीपाळीने येऊ. साहित्य म्हणाल तर ओढण्या, पंचे आणि सतरंज्या एवढेच. आजही सभा संपल्यावर मागच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या जातील. ज्यांना गुडघे टेकता येतात, त्यांनी अवश्य थांबावे. ज्यांना येत नाहीत, त्यांनी जखमी व्हावे.