कर्करोगावरील नवी साधने व आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या घरांतून आवाज खाली येतो. "त्यांना बरे नसते" एवढे सांगून विषय आवरता घेतला जातो. या मौनाची किंमत किती पडते, हे सांगण्याकरिताच आम्ही आज उभे आहोत.

एके काळी क्षयाची हीच गत होती. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ साली वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. आज तो रोग औषधाने बरा होतो. कर्करोगाविषयी सरसकट असे म्हणता येत नाही. तथापि वेळीच सापडलेले अनेक कर्करोग आज बरे होतात, हे निर्विवाद आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले व १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. ज्या अणूच्या नावाने संहार आठवतो, तोच येथे रोग्याच्या कामी लागला. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचे किरणयंत्र देशातच घडविले. आता सी. टी. व पेट यंत्रांच्या प्रतिमांवरून रोग कोठवर पसरला आहे ते कळते. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के होते. आणि संगणकाने आखून दिलेल्या मार्गाने किरण सोडल्यामुळे शेजारचे निरोगी अवयव पुष्कळसे वाचतात. रोग्याच्याच रक्तातील पेशी प्रयोगशाळेत सज्ज करून त्याच्या देहात परत सोडण्याची उपचारपद्धती पवईच्या आय. आय. टी.ने टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने सिद्ध केली असून, रक्ताच्या काही कर्करोगांवर ती २०२४ पासून उपलब्ध आहे.

आता ठाण्यातही कर्करोगावर उपचार करणारी रुग्णालये झाली आहेत. तरी कल्याण-डोंबिवलीहून परळ गाठणारे रोगी आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांना रोगाइतकीच गाडीची धास्ती असते. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी बहुधा २५ दिवस किरण घ्यावे लागत. आता अनेक स्त्रियांना १५ दिवस, तर काहींना ५ दिवसही पुरतात. अशक्त देहाला वाचलेल्या या फेऱ्यांचे मोल मोठे आहे. लोकल गाडीतील अपंगांच्या राखीव डब्यातून कर्करोग्यालाही प्रवास करता येतो, हेही ध्यानात असावे.

परंतु सर्वांत बोधप्रद साधन याहून कितीतरी साधे आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल पातळ करून गर्भाशयाच्या मुखावर लावावयाचे व तेथे पांढरा डाग उमटतो का ते पाहावयाचे, एवढीच ती तपासणी. ज्या वस्त्यांत ती झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. साधन काही पैशांचे होते; पण स्त्रिया तपासणीस आल्या म्हणून ते फळास आले. कोट्यवधींचे यंत्र झाले तरी ते आपल्या उंबरठ्याशी चालत येणार नाही.

मग आपली माणसे उशिरा का जातात? स्पष्टच बोलावयाचे, तर एक कारण आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचीत दडलेले आहे. आईला कर्करोग आहे असे कळले तर मुलीचे लग्न अडेल, या भयाने गाठ पदराआड राहते. वास्तविक शंभरांपैकी पाच ते दहाच कर्करोग आनुवंशिक असतात, आणि कर्करोग संसर्गाने पसरणारा रोग तर नव्हेच. त्या माउलीचे प्राण आपल्या चौकशांपायी जावेत, हे ज्ञातीला शोभणारे नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच : सोयरीक पाहताना हा प्रश्न कोणी विचारू नये व कळल्यास त्यावरून स्थळ नाकारू नये. तोंडातील तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आणि शेजारच्या रोग्यासोबत परळपर्यंत जाण्यास आपल्यातील एखाद्या तरुणाने आळीपाळीने निघावे. यंत्रे शास्त्रज्ञांनी दिली; रोग्याला तेथवर पोहोचविण्याचे काम आपले आहे.