गुडघ्याचे अस्थिबंध : काय राखावे, काय सोडावे
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य शिबिरातील भाषण)



मी वैद्य नाही. कापडाचा व्यापारी आहे. ४० वर्षे दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलो. पुढे सामायिकाची ४८ मिनिटे एका आसनावर बसणेही अशक्य झाले आणि २०२१ साली दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण करून घेतले. त्या निमित्ताने जे समजले, तेच आपणांसमोर ठेवतो.

'गुडघा बदलला' असे आपण म्हणतो. वस्तुतः अख्खा गुडघा कोणी काढीत नाही. हाडांची झिजलेली टोके तासून मांडीच्या हाडावर धातूचे आवरण व नडगीवर धातूची बैठक बसवितात. मध्ये पॉलिएथिलीनची चकती असते. हा सांधा जागेवर धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट. त्यांतील प्रमुख चार : दोन बाजूंना दोन आणि आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन. बाजूचे दोन राखून त्यांचा ताण समतोल करणे, हे या शस्त्रक्रियेचे मर्म आहे. ताण अधिक झाला तर गुडघा वाकत नाही. सैल राहिला तर पाऊल डगमगते. आतील पुढचा अस्थिबंध बहुतेक पद्धतींत काढावाच लागतो. प्रश्न उरतो तो मागच्याचा.

मी डॉक्टरांना आग्रहाने म्हणालो, "निसर्गाने दिलेले काहीही तोडू नका." ते शांतपणे उत्तरले, "शेठजी, धागा मजबूत असेल तर राखीन. जीर्ण धागा राखण्यात तुमचेच नुकसान आहे." उजव्या गुडघ्यातील मागचा अस्थिबंध राहिला. डावा पाय फारच वाकला होता. तेथे तो काढून, त्याचे कार्य करणारा उंचवटा असलेला सांधा बसवावा लागला. आज चालताना मला दोहोंत फरक जाणवत नाही. वैद्यकीय अभ्यासांतही यांपैकी कोणतीही एक पद्धत निर्विवाद श्रेष्ठ ठरलेली नाही. अनेकान्त मी प्रवचनांत ऐकला होता; तो पटवून दिला माझ्या दोन गुडघ्यांनी.

परंतु चूक माझी होती. खुर्चीवर बसून सामायिक करणे कमीपणाचे वाटे, म्हणून कित्येक वर्षे दुखणे लपविले. पाय बाहेर वाकत गेला की आतल्या बाजूचे अस्थिबंध आखडतात, बाहेरचे ताणले जातात आणि समतोल साधणे कठीण होते. वेळीच दाखविले असते, तर कदाचित अधिक राखता आले असते. एकाच बाजूची झीज असेल, तर काही रुग्णांत अर्धेच सांधेरोपण पुरते व चारही अस्थिबंध राहतात. म्हणून घरातील माता-भगिनींचे दुखणे 'वयोमानाचे' म्हणून टाळू नका.

विश्वस्तांना एक विनंती : सामायिकाच्या सभागृहात खुर्च्या मागच्या कोपऱ्यात नकोत, सर्वांच्या पंक्तीत असाव्यात.

शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आता माझ्याने होत नाहीत; तळेटीवरूनच वंदन करतो. पण तळेटीपर्यंत स्वतःच्या पायांनी जातो.

बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र !