वाकणारी तार
(स्नेहमीलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून दहा जणांनी विचारलं, "तू करतोस काय रे सध्या?" कार्यक्रमांच्या लायटिंगचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे मंडप-डेकोरेशन?" तसंच समजा. गॅदरिंगला आपण तेलाच्या रिकाम्या डब्यात बल्ब बसवून पुढे लाल-निळा जिलेटिन कागद लावायचो आणि सर पडद्यामागून बटणं दाबायचे. तेच काम मी अजून करतो.

बटणांच्या जागी आता कन्सोल आहे. १९८६ साली डीएमएक्स ५१२ ही पद्धत आली आणि एका केबलमधून ५१२ चॅनेलना हुकूम देता येऊ लागले. आजच्या एकेका फिरत्या दिव्यालाच वीस-तीस चॅनेल लागतात. म्हणून अशा अनेक केबलींचं काम संगणकाच्या नेटवर्क केबलवर टाकतात. सगळ्या स्टेजचा उजेड करंगळीहून बारीक अशा केबलवर लटकलेला असतो.

ती केबल निवडताना मी चुकलो होतो.

काही वर्षांपूर्वी नवरात्रात एका गावी ऑर्केस्ट्रा होता. केळापूरला देवीच्या यात्रेत असते तशी गर्दी. ऐन रंगात अर्धे दिवे काळे पडले, उरलेले होते तिथेच थिजले. मी सर्वांदेखत हाताखालच्या पोरावर ओरडलो, "प्लग नीट लावता येत नाही का?" तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी केबल टेस्टरला लावली. आठही दिवे लागले. मग त्याच पोराने प्लगापाशी केबल हलकेच वाकवली आणि तिसरा दिवा विझला. आतली तार तुटली होती, वरून काहीच दिसत नव्हतं.

ती केबल मीच आणली होती, घरातल्या भिंतीत टाकतात ती, स्वस्त म्हणून. तिच्यात प्रत्येक तार एकसंध असते. एकदा बसवली की वर्षानुवर्षं हलत नाही, तिथे ती उत्तम. आम्ही मात्र ती रोज पसरायचो, रोज गुंडाळायचो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. बैलाचा कासरा तुटत नाही, कारण तो बारीक धाग्यांना पीळ देऊन केलेला असतो. आपण कापसाच्या मुलखातले. हे मला आधीच कळायला हवं होतं.

आता मी बारीक तारांच्या पिळाचीच केबल घेतो, तीही शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, पण लवकर तुटतं. वरचं आवरण पॉलियुरेथेनचं असावं, ते थंडीत ताठ होत नाही. पिळाच्या तारेत सिग्नल साधारण २० टक्के जास्त क्षीण होतो, म्हणून नियमात १०० मीटर असले तरी मी ७० च्या पुढे जात नाही. महागड्या कॅट ६ चा आग्रह धरत नाही. दिव्यांचा डेटा थोडा असतो, कॅट ५ई पुरते आणि ती जास्त लवचीक असते. प्लगला धातूचं, खटका बसणारं कवच हवंच. आणि केबल कोपरावर गुंडाळायची नाही. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे पीळ साठत नाही.

त्या पोराची मी माफी मागितली, तीही सगळ्या टीमसमोर. आज माझं गोदाम तोच सांभाळतो आणि त्याने वाकवून पाहिल्याशिवाय एकही केबल गाडीत चढत नाही.

सर, गॅदरिंगला बल्ब लागला नाही की "कोणी हात लावला?" असं तुम्ही कधी विचारलं नाही. आधी जोडणी तपासायचात. तो धडा पुस्तकात नव्हता, म्हणून मला उशिरा समजला. पण समजला, एवढंच सांगायला आज उभा राहिलो.