अंगणातील गाजर गवत : फुलण्यापूर्वीच उपटावे
(भाषणाचा मजकूर)



पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की अंगणात, शाळेच्या मैदानालगत आणि रस्त्याच्या कडेला गाजरासारख्या पानांची रोपे दिसू लागतात. थोड्याच आठवड्यांत ती बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हेच गाजर गवत. कोठे त्यास काँग्रेस गवत, तर कोठे चटकचांदणी म्हणतात. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ साली पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले.

या तणाने केवळ अंगणाची शोभा जाते असे नव्हे. त्याच्या वारंवार स्पर्शाने अनेकांच्या त्वचेचा दाह होतो, परागकणांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. एकदा हा विकार जडला की थोड्या संपर्कानेही तो उलटतो. म्हणून शाळेच्या श्रमदानात लहान मुलांकडून, तेही उघड्या हातांनी, हे तण कधीही उपटवून घेऊ नये.

एका रोपापासून हजारो बिया तयार होतात. बी पिकल्यावर रोप उपटणे म्हणजे पुढील वर्षाची पेरणी करणे होय. विळ्याने कापल्यास ते बुडख्यातून पुन्हा फुटते. यास्तव जमीन ओली असताना, फुलोरा येण्यापूर्वी, रोप मुळासकट काढावे. हातात मोजे, अंगात लांब बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर रुमाल असावा. काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत. फुले न आलेली रोपे कंपोस्टच्या खड्ड्यात घालण्यास हरकत नाही. बी धरलेली मात्र खतात मिसळू नयेत, अन्यथा खताबरोबर बी शेतात जाईल.

मिठाच्या तीव्र द्रावणानेही हे तण मरते. परंतु त्याने जमीन बिघडते व हिरवळही जळते. अंगणात तो उपाय टाळावा.

उपटलेली जागा उघडी राहिली तर तण पुन्हा येणारच. तेथे हरळी लावावी व ती फार खुरटी कापू नये. दाट हिरवळीत तणाच्या रोपास ऊन मिळत नाही. पडीक जागेत पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी फेकावे. पावसाळ्यात या तणाची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे आढळल्यास त्यांवर औषध फवारू नये. १९८४ साली बेंगळूरु येथे ते याच कामासाठी सोडण्यात आले होते.

वारा आणि पाणी कुंपण जाणत नाहीत. एकाचे अंगण स्वच्छ आणि शेजारचा उकिरडा फुललेला असेल तर श्रम वाया जातात. म्हणून ग्रामपंचायत, शाळा व गृहस्थ यांनी एकाच आठवड्यात, फुलोऱ्यापूर्वी, हे काम हाती घ्यावे.